गुरुगृहापासून अभ्यासक्रमापर्यंत : स्वामी कुवलयानंद

जयपूरच्या मालवीय नगरात अतिथी म्हणून वास्तव्य असता योगशिक्षक घडविणाऱ्या एका वर्गाची पाटी नेहमी दृष्टीस पडते : अष्टांगयोग, २०० तास, अखेरीस प्रमाणपत्र. गुरूने निवडक शिष्यास एकांतात द्यावयाची विद्या घड्याळाच्या तासांत कशी बसली, या प्रश्नाचा माग काढू गेल्यास आपण लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांपाशी येऊन पोहोचतो.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे, एका सामान्य स्थितीतील मराठी कुटुंबात. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोद्यास शिकू लागले. १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रा. माणिकरावांपाशी त्यांनी देशी व्यायामपद्धतीचे धडे घेतले. पुढे ते खानदेशात अंमळनेरला आले आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात रमले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. ते महाविद्यालय १९२३ साली बंद पडले. म्हणजे योगाकडे येण्यापूर्वीच हा पुरुष शिक्षक होता. त्यांच्या चरित्राची ही बाजू मला फार महत्त्वाची वाटते.

१९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली. याच गुरूंच्या दुसऱ्या शिष्याने, योगेंद्रांनी, १९१८ मध्ये वर्सोव्यास योगसंस्था काढली होती. गुण्यांनी मात्र गुरूपासून मिळालेली क्रिया आधी क्ष-किरणांपुढे नेली. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली यांवर प्रयोग आरंभिले.

त्यांतील एक प्रयोग सविस्तर सांगण्याजोगा आहे. बस्तिक्रियेत साधक पाण्यात बसून, कोणत्याही पंपाविना, गुदमार्गाने पाणी आत ओढून घेतो. पाहणाऱ्यास हा चमत्कारच वाटावा. कुवलयानंदांनी दाबमापक जोडून दाखविले की, नौलीत पोटाचे मधले स्नायू पुढे येतात तेव्हा मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो. म्हणून पाणी आपोआप वर चढते. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूचेच नाव दिले. चमत्कार गेला, पण क्रिया अधिक शिकविण्याजोगी झाली : कोणता स्नायू केव्हा आकसावा, हे शिक्षकास आता सांगता येऊ लागले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही निघाले. १९३२ मध्ये मुंबईस आरोग्यकेंद्र सुरू झाले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षण समितीवर त्यांची योजना झाली. शाळेच्या पटांगणावर शेकडो मुलांकडून आसने करवून घ्यावयाची तर वय, प्रकृती व क्रम यांचा विचार करावाच लागतो. योगाचे टप्पे आखण्याची गरज येथे ठसठशीतपणे पुढे आली. १९५० च्या सुमारास लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय निघाले. शरीरशास्त्र, ग्रंथाध्ययन आणि प्रत्यक्ष साधना यांची सांगड घालून योगशिक्षक तयार करणारा पदविका-अभ्यासक्रम तेथे उभा राहिला. शिक्षकांचा शिक्षक होण्याची गुण्यांची जुनी ओढ अशी फळास आली.

आज जगभर ‘अष्टांग’ म्हटले की अनेकांना म्हैसूरच्या पट्टाभी जोइसांच्या आसनमालिका आठवतात. कुवलयानंदांच्या दृष्टीसमोर मात्र यमापासून समाधीपर्यंतची पातंजल अंगे होती. त्यांच्या संस्थेचे नावही योगसूत्रांतील शेवटच्या पादाची, कैवल्यपादाची, आठवण देते. तरी एक अडचण उरतेच. आसन व प्राणायाम यांचे मोजमाप होऊ शकले, म्हणून ती दोन अंगे वेळापत्रकात सहज शिरली. धारणा-ध्यानाला दाबमापक लावता येत नाही. यमनियमांची परीक्षा तीन तासांत घेता येत नाही. आजीवन ब्रह्मचारी राहिलेल्या या माणसास ते उमगले नसेल, असे मानणे मला कठीण जाते. पण अध्यात्माचे मोठे दावे करून प्रयोगशाळेच्या साक्षीवर ते खपविण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि जे सिद्ध झाले तेवढेच सिद्ध म्हटले. त्यांच्यानंतर आलेल्या कित्येक वर्गांना हा संयम साधला नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर लोणावळ्यात शिकून निघालेले शिक्षक शाळाशाळांतून आपले वर्ग घेऊ लागले होते.