विश्लेषण : दाभोळची मशीद बांधणारी ‘माँसाहेबा’ कोण? अफजलखानाला पाठवणाऱ्या बेगमेशी तिचा संबंध काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या जेट्टीवर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहताना खाडीकाठची एक जुनी दगडी मशीद नजरेत भरते. चार मिनार आणि मधोमध मोठा घुमट. कोणी तिला शाही मशीद म्हणते, कोणी अंडा मशीद, तर कोणी माँसाहेबा मशीद. हजला निघालेल्या विजापूरच्या एका शाही स्त्रीने यात्रेचे पैसे खर्चून ती बांधली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्याच काळात विजापूरच्या राजघराण्यात एक वडीलधारी, सत्ता राखून असलेली स्त्री होती. मराठी वाचकांना ती माहीत आहे, पण वेगळ्याच कारणाने.

कोण होत्या बडी साहिबा?

त्यांचे नाव खदिजा सुलताना. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुतुबशाह आणि हयात बख्शी बेगम यांच्या त्या कन्या. विजापूरच्या मुहम्मद आदिलशाहाशी त्यांचा विवाह झाला आणि दख्खनमधील दोन मोठ्या घराण्यांची सोयरीक जुळली. हाच तो गोलघुमट बांधणारा आदिलशाह. १६४६ नंतर तो दीर्घकाळ आजारी राहिला आणि दरबारात बेगमेचा शब्द वजनदार ठरू लागला. बडी साहिबा किंवा बडी बेगम या नावांनी त्या ओळखल्या जाऊ लागल्या.

१६५६ मध्ये आदिलशाह वारला. तरुण अली आदिलशाह गादीवर आला, पण तो सुलतानाचा खरा मुलगाच नाही, असे म्हणत मोगलांनी त्याचा हक्क नाकारला. १६५७ मध्ये औरंगजेबाने बीदर आणि कल्याणी हे किल्ले जिंकले. गादी वाचवण्याचे ओझे मुख्यत्वे बडी साहिबांवर आले. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांविरुद्ध अफजलखानाची रवानगी झाली, त्यामागेही त्याच होत्या. मराठी बखरींतून, कथा-कादंबऱ्यांतून आणि पडद्यावरून दिसते ती हीच बडी बेगम.

दुसरी बाजू कोणती?

दख्खनी भाषेच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्या कारणाने येते. त्यांच्या सांगण्यावरून कवी रुस्तमीने १६४९ मध्ये ‘खावरनामा’ हे फारसी काव्य दख्खनीत आणले. हजरत अली यांच्या पराक्रमकथा सांगणारे हे काव्य दख्खनीतील सर्वांत मोठ्या काव्यांपैकी एक मानले जाते. दरबाराची भाषा फारसी असताना लोकांच्या बोलीत एवढा ग्रंथ करवून घेणे, हे मोठेच काम होते.

दाभोळची आख्यायिका काय सांगते?

जुन्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये ही परंपरा नोंदवलेली आहे. त्यानुसार आयेशा बीबी ऊर्फ माँसाहेबा ही विजापूरची शहजादी मक्केला जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यासह १६५९-६० च्या सुमारास दाभोळला आली. दाभोळ हे आदिलशाहीचे महत्त्वाचे बंदर होते. पण चाच्यांच्या भीतीने तिचा समुद्रप्रवास रद्द झाला. मार्ग सुरक्षित असणे ही हजची एक अटच आहे. मग सोबत आणलेले १५ लाख रुपये धर्मकार्यात खर्च करावेत, असा सल्ला काझी-मौलवींनी दिला.

कामिलखानाने काम हाती घेतले आणि ते ४ वर्षे चालले, असे सांगतात. सुमारे ६२ फूट लांब, ५४ फूट रुंद आणि ७५ फूट उंच घुमटाची ही मशीद विजापूरच्या मोठ्या मशिदीच्या धर्तीवर आहे. घुमटाला सोन्याचा मुलामा होता, असेही परंपरा सांगते.

नुसती इमारत बांधून दान पुरे होत नाही. दिवाबत्ती, डागडुजी, नमाज पढवणाऱ्यांचा निर्वाह यासाठी दरवर्षी पैसा लागतो. त्यासाठी भोपण, पांगारी यांच्यासह ८ गावांचे उत्पन्न मशिदीला लावून दिल्याची नोंद आहे.

माँसाहेबा आणि बडी साहिबा एकच का?

काळ तोच, घराणे तेच आणि हजची ओढही तीच. त्यामुळे ही दोन नावे एकमेकांत मिसळणे स्वाभाविक आहे. पण एक मोठा फरक आहे. आख्यायिकेतील माँसाहेबा दाभोळहूनच माघारी फिरते. बडी साहिबा मात्र १६६१ मध्ये खरोखरच समुद्रमार्गे निघाल्या. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिथून डच जहाजाने त्या तांबड्या समुद्रातील मोखा बंदराकडे रवाना झाल्या. पुढे हाजी बडी साहिबा असा त्यांचा उल्लेख होऊ लागला. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्लेही रत्नागिरी जिल्ह्यातच होते. म्हणजे एकीचा प्रवास थांबला आणि दुसरीचा सुरू झाला, तो याच किनाऱ्यावर.

मशीद टिकली कशी?

अफजलखानाच्या वधानंतर कोकणातील चित्र झपाट्याने पालटले. १६६१ च्या मोहिमेत उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाला शरण आणून महाराज दक्षिण कोकणात उतरले आणि दाभोळ स्वराज्यात आले. बांधकाम ४ वर्षे चालल्याची परंपरा खरी धरली, तर विजापूरच्या पैशाने सुरू झालेले काम पूर्ण होईपर्यंत बंदराचा धनी बदलला होता. तरीही मशिदीला धक्का लागला नाही.

पुढे १६८६ मध्ये विजापूर मोगलांनी घेतले आणि आदिलशाही संपली. दाभोळचा व्यापारही कालांतराने आटला. बडी साहिबांचे राजकारण इतिहासाच्या पुस्तकांत उरले. खाडीकाठी मात्र आठवण राहिली ती हजचे पैसे दान करणाऱ्या माँसाहेबाची.