हिवतापाचा वैरी : रोनाल्ड रॉस

इ. स. १८८३ मध्ये बंगळूरच्या लष्करी छावणीत एक तरुण डॉक्टर राहावयास आला. बंगला चांगला होता. पण डासांनी त्याला सळो की पळो करून सोडले. शोध घेता खिडकीबाहेरील पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या त्याच्या दृष्टीस पडल्या. पिंप पालथे करताच डास बहुतेक नाहीसे झाले. त्याने ही हकीकत एका अधिकाऱ्यास सांगितली व छावणीतील इतर पिंपेही रिकामी करविण्याची विनंती केली. परंतु निसर्गाच्या व्यवस्थेत ढवळाढवळ कशाला, असे म्हणून अधिकाऱ्याने ती धुडकावून लावली. शेजाऱ्याच्या पिंपातील डास आपल्या घरी येणार नाहीत थोडेच!

हा तरुण म्हणजे रोनाल्ड रॉस. त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. त्यांचे मन काव्यात व चित्रकलेत रमे. परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते वैद्यक शिकले व १८८१ साली हिंदुस्थानात सरकारी सेवेत रुजू झाले.

दलदलीतील दूषित हवेने हिवताप येतो, अशी तेव्हा समजूत होती. हिवतापाचे जंतू डासांच्या शरीरात वाढत असावेत, ही कल्पना १८९४ साली डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांना सुचविली. सिकंदराबाद येथे रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णास दर डासामागे एक आणा देऊन डास चाववून घेतले. मग एकेक डास फाडून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागले. उकाडा असह्य होई, पण पंखा चालविता येत नसे. कारण डास उडून जात. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करून, डासाच्या लाळेवाटे हे जंतू शरीरात शिरतात, हेही त्यांनी दाखवून दिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शोध लागला, तरी रोग हटला नव्हता. बंगळूरचे पिंप आता गावोगाव पालथे करावयाचे होते. त्यासाठी रॉस यांनी डासविरोधी पथकांची योजना मांडली. महागडी औषधे नकोत. फुटके डबे उचलावे, डबकी बुजवावी, साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा, म्हणजे श्वासासाठी वर येणाऱ्या अळ्या गुदमरून मरतात. सुएझ कालव्याकाठच्या इस्माईलिया गावी १९०२ साली त्यांच्या सल्ल्याने हे काम सुरू झाले. माणसे दर आठवड्यास घरोघर जाऊन सांडपाण्याच्या खड्ड्यांत तेल टाकीत. एक आठवडा चुकला, तर नवे डास उडालेच! तेथे पूर्वी वर्षाला दीड हजारांहून अधिक लोक हिवतापाने आजारी पडत. १९०३ साली ही संख्या सुमारे दोनशेवर आली.

१९०७ साली ते मॉरिशस बेटावर गेले. हिवतापाने पानथरी वाढते. म्हणून तेथील हजारो मुलांची पोटे तपासून कोठे रोग किती आहे, हे ठरविण्यात आले. गावातील शेवटचा डास मारण्याची आवश्यकता नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणून ती तेथेच ठेवली की रोग आपोआप ओसरतो, असे रॉस यांनी गणिताने दाखविले. तरी या कामी सरकारे पुरेसा पैसा खर्च करीत नाहीत, ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.