धूळ ओढणाऱ्या गाडीचे इंजिनिअर

मुलांनो, मागच्या सत्रात आपल्या वर्गात जुन्या वस्तूंचा दिवस झाला. पितळी पानाचा डबा आला, अडकित्ता आला, कुणाच्या आजोबांचा ट्रान्झिस्टरही आला. पण सर्वांत जास्त गर्दी झाली ती एका विद्यार्थ्याने बूट सेलमधून आणलेल्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरभोवती. पत्र्याचे गोल पोट, कापडी नळी आणि अंगावर नाव ‘गॉब्लिन’. हा हूवर कुठल्या कंपनीचा, असे एका मुलीने विचारले आणि आम्ही मोठी माणसे हसलो. नंतर आमच्या लक्षात आले की, यात हसण्यासारखे काही नव्हते. आपण सगळेच या देशात राहून, मराठी बोलतानासुद्धा, हूवर फिरव असेच म्हणतो. हे यंत्र ज्यांच्या कंपनीचे, त्या माणसाचे नाव तर आमच्यापैकी कुणालाच सांगता आले नाही. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट.

ह्यूबर्ट सेसिल बूथ यांचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी ग्लॉस्टर येथे झाला. वडील लाकडाचे व्यापारी. ह्यूबर्ट लंडनला येऊन इंजिनिअरिंग शिकले आणि एका नावाजलेल्या कारखान्यात लागले. तिथे त्यांनी लढाऊ जहाजांच्या इंजिनांचे काम केले आणि नंतर एक भलतेच गमतीचे काम त्यांच्याकडे आले, ते म्हणजे जत्रेतले आकाशपाळणे! ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस येथील प्रचंड पाळण्यांच्या बांधणीत त्यांचा हात होता. त्यांतला व्हिएन्नाचा, १८९७ सालचा, सुमारे ६५ मीटर उंच पाळणा दुसऱ्या महायुद्धात जळाला, पण पुन्हा उभा राहिला. सुट्टीत तिकडे गेलात तर जरूर बसा.

आता धुळीकडे येऊ. १९०१ साली लंडनच्या एका नाट्यगृहात एक अमेरिकन संशोधक आपले सफाईयंत्र दाखवत होता. ते यंत्र गालिच्यावर जोराने हवा फुंकायचे. उडालेली धूळ एका पेटीत जावी अशी अपेक्षा, पण बरीचशी धूळ खोलीभर पसरून पुन्हा खालीच बसायची. (रविवारी सकाळी जोरात केर काढला की काय होते, ते आईला विचारा.) बूथ यांनी त्याला विचारले की, हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? तो गृहस्थ चिडला. ते शक्यच नाही, असे त्याचे म्हणणे.

बूथ यांच्या डोक्यातून तो विचार जाईना. काही दिवसांनी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात ते जेवायला बसले असता त्यांनी खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास ओढला. जबरदस्त ठसका लागला. बाकीच्या गिऱ्हाइकांना काय वाटले असेल कोण जाणे! पण रुमाल उलटून पाहिला तर त्यावर धुळीचा काळा डाग उमटलेला. हवा कापडातून पार होते आणि धूळ अडकते, एवढेच त्यातले मर्म. पंपाने आतली हवा काढून घ्यायची, म्हणजे बाहेरची हवा धुळीसकट नळीत धावते आणि वाटेत कापडाची गाळणी असली की धूळ तिथेच राहते. तुमच्या घरचे यंत्र आजही याच तत्त्वावर चालते.

३० ऑगस्ट १९०१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचे पहिले यंत्र मात्र घरात मावणारे नव्हते. ती होती घोड्यांनी ओढायची लाल गाडी, वर पेट्रोलचे इंजिन आणि पंप. गाडी रस्त्यावर उभी राहायची, गणवेशातली माणसे लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत न्यायची आणि दिवाणखाना साफ करून द्यायची. नळीचा एक भाग पारदर्शक ठेवला होता. त्यातून धूळ वाहताना दिसावी म्हणून बायका मैत्रिणींना चहाला बोलावू लागल्या. आपल्या घरातली घाण पाहुण्यांना हौसेने दाखवायची, हे आमच्या आज्यांना पटले असते का?

इंजिनाच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बिथरत. भाड्याच्या गाड्यांचे मालक भरपाई मागायला आले, पोलिसांनीही हरकत घेतली आणि रस्त्यावर गाडी उभी करण्याचा हक्क बूथ यांना कोर्टात जाऊन मिळवावा लागला.

१९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे या यंत्राने साफ झाले. राजाराणींनी प्रात्यक्षिक पाहिले आणि बकिंगहॅम राजवाडा व विंडसरच्या किल्ल्यासाठी यंत्रे घेतली. मग काय विचारता! पहिल्या महायुद्धात क्रिस्टल पॅलेसमध्ये राहणाऱ्या नौसैनिकांत मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा बूथ यांच्या १५ यंत्रांनी तिथून २६ टन धूळ काढली. साथ त्यामुळेच थांबली असे सांगतात. हा आजार माणसाकडून माणसाला होतो हे आज आपण जाणतो, तेव्हा त्याचे श्रेय धुळीला द्यायला आमचे मन तयार होत नाही. पण २६ टन धूळ!

एवढे सगळे होऊनही नाव मागे का पडले? तिकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी, जेम्स स्पँग्लर नावाचे एक सफाई कामगार होते. त्यांना दम्याचा त्रास आणि काम धुळीचे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने फिरवता येईल असे यंत्र केले. १९०८ साली पेटंट मिळाले, पण भांडवल नव्हते. ते पेटंट चामड्याचा धंदा करणाऱ्या हूवर घराण्याने घेतले. पुढे हूवर कंपनी इंग्लंडमध्ये आली. ए-४० रस्त्यावर पेरिव्हेलला तिचा जो पांढराशुभ्र कारखाना होता, त्या इमारतीवरून आपल्यातले कितीतरी जण वर्गाला येतात. शब्दाला नाव मिळाले हूवरचे. स्पँग्लर यांचेही नाही.

बूथ यांच्या कंपनीचे नाव होते ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनी. दुसऱ्या एका कंपनीने हेच शब्द आपल्या नावात घातले, तेव्हा ते १९०७ साली कोर्टात गेले आणि हरले. हे शब्द वस्तूचे वर्णन करणारे आहेत, ते कुणा एकाचे नाहीत, असा निकाल लागला. आम्हाला निकाल बरोबर वाटतो, पण त्या माणसासाठी वाईटही वाटते. खरे तर चूक त्यांचीही थोडी होतीच. सफाई ही बाहेरच्या माणसांनी येऊन करून द्यायची सेवा आहे असे ते बराच काळ धरून चालले. लहान यंत्रे त्यांच्या कंपनीनेही काढली. १९०६ सालचे विजेवर चालणारे, चाकांवरचे त्यांचे एक यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. पण गॉब्लिन हे नाव घेऊन ही कंपनी घराघरांत पोहोचू लागली तोवर हूवर पुढे निघून गेला होता.

१४ जानेवारी १९५५ रोजी क्रॉयडन येथे बूथ वारले. वय ८३.

या देशात जुने व्हॅक्यूम क्लीनर हौसेने जमवणारे, दुरुस्त करणारे लोक आहेत. प्रत्येक यंत्राचा आवाज वेगळा असतो आणि आवाजावरून ते यंत्र ओळखतात, जसे आपण तंबोरा कुणाचा ते ओळखावे! आपल्या वर्गातला गॉब्लिन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीशेजारी मांडायचे ठरले आहे. त्याला हळदकुंकू वाहायचे की नाही यावर पालकांत अजून एकमत नाही. कुणाच्या माळ्यावर त्याहून जुने यंत्र असेल तर घेऊन या, मात्र त्याची वायर जुनी असते, प्लग लावायचा नाही.