पाखरांची मोजदाद

विद्यापीठाची पदवी नसतानाही माणूस जगन्मान्य शास्त्रज्ञ होऊ शकतो, हे पटण्यास मला डॉ. सलीम अलींचे चरित्र पुरेसे वाटते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामांनी सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीचा गळा पिवळा कसा, या कुतूहलापोटी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि जन्मभर पाखरांचा झाला.

पुढे बर्लिनला त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. परतल्यावर नोकरी मिळेना, तेव्हा वेतनावाचून, केवळ खर्चावर, संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी पत्करली. १९३१-३२ साली त्यांनी हैदराबाद संस्थान पाहिले. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता.

राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ रान ही मुळात संस्थानिकांच्या शिकारीची जागा. ते राखण्यासाठी सलीम अली झटले. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, पर्यटकांची रीघ लागली. १९८२ साली म्हशींची चराई बंद झाली. त्या तंट्यात गोळीबार होऊन गावकऱ्यांचे प्राणही गेले. बंदी सलीम अलींनाही योग्य वाटत होती. परंतु त्यांच्याच संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासात उलटेच दिसले : म्हशी गेल्या, गवत माजले आणि पाणपक्ष्यांचे मोकळे पाणी आटत चालले. त्यांनी रुजवलेली मोजदादीची शिस्त त्यांच्या स्वतःच्या मतापेक्षाही मोठी ठरली. मला त्यांचा खरा मोठेपणा येथेच दिसतो. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, अशी सलीम अलींची इच्छा होती. आज तो तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पाटी मात्र कायम आहे.

आपल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातही पावसाळ्यात सहलींची आणि श्रावणात भाविकांची गर्दी होते. किती माणसे आली, यावर आपण स्थळाची भरभराट ठरवतो. मला वाटते, किती जातींची पाखरे टिकली, हाही हिशेब हवा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने जाऊन आपण विद्यार्थ्यांनी ती मोजली, तर गर्दी रानाला सोसते की नाही, हे वेळीच कळेल. त्यासाठी एक वही आणि पहाटे उठण्याची तयारी पुरे.