गॅरेजमध्ये उगवलेलं कमळ

सिव्हिलच्या पोराने गाड्यांच्या नादी लागावं आणि मेकॅनिकलवाल्यांनी आयुष्यभर त्याचं नाव काढावं, असं क्वचितच होतं. कॉलिन चॅपमनच्या बाबतीत झालं. लोटस गाड्यांचा हा जनक. १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधल्या रिचमंडला जन्मला आणि वाढला उत्तर लंडनमध्ये, जिथे त्याचे वडील हॉर्न्सीचं रेल्वे हॉटेल चालवायचे. सतराव्या वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला गेला. तिथे लेक्चरपेक्षा विमान उडवण्यात आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत जास्त रमला. परिणाम व्हायचा तोच झाला. १९४८ मध्ये शेवटच्या वर्षी गणिताचा पेपर राहिला आणि डिग्री एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये मिळाली. म्हणजे आपल्या भाषेत केटी लागली. एम-थ्रीने छळलेल्या सर्वांनी या माणसाला मानाचं पान द्यायला हरकत नाही.

जुन्या गाड्यांचा धंदा चांगला चालला होता, पण १९४७ च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने खाजगी गाड्यांचं पेट्रोलचं रेशन बंद केलं आणि सेकंडहँड गाड्यांचे भाव कोसळले. चॅपमनला मिळेल त्या भावात माल काढावा लागला. शेवटी एक खटारा उरला, जो कुणीच घेईना. ऑस्टिन सेव्हन. मग विकत नाही तर खोलून बघू, असं म्हणून तो कामाला लागला. जागा कुठली? मैत्रीण हेझल विल्यम्स, तिच्या आईवडिलांच्या मसवेल हिलमधल्या घरामागचं छोटंसं गॅरेज. हेझल नुसती बघत बसली नाही, तीसुद्धा हात काळे करायची. (पुढे १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.)

ऑस्टिन सेव्हन ही १९२२ पासूनची इंग्लंडची गरिबाची गाडी. चार सिलिंडरचं ७४७ सीसी साइड-व्हॉल्व इंजिन, खाली अॅल्युमिनियमचा क्रँककेस, त्यावर बोल्टने बसवलेला बिडाचा ब्लॉक. इंजिन एवढं लहान की दोन माणसांनी हाताने उचलून बाहेर काढावं. घरच्या गॅरेजमध्ये शिकायला याहून चांगलं इंजिन नाही, कारण काढलं-बसवलं तरी कंबर मोडत नाही. आणि चुकलं तर पुन्हा काढता येतं! चॅपमनने जुनी बॉडी फेकून दिली. चॅसिस मजबूत केली आणि प्लायवूडला अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवून नवी बॉडी ठोकली. विमानात जशी बॉडीच भार घेते तशी ही बॉडीही थोडाफार भार घ्यायची. नाव ठेवलं लोटस. कमळच का, हे त्याने कधी नीट सांगितलं नाही. हेझलचं लाडाचं नाव होतं असं बरेच लोक मानतात.

दुसऱ्या गाडीत त्याने ऑस्टिनचं इंजिन काढून फोर्डचं बसवलं. पण खरी गंमत तिसऱ्या गाडीत आहे, १९५१ ची. ती ७५० फॉर्म्युलाच्या शर्यतीसाठी होती आणि नियमाप्रमाणे इंजिन ऑस्टिन सेव्हनचंच हवं. या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोल आत घेणारी भोकं दोनच. चाळीत दोन बिऱ्हाडांना एक नळ असतो तसं. त्यात फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे एकाच नळावरच्या दोन शेजाऱ्यांची पाळी लागोपाठ येते. एकाचं पाणी भरून होतंय न होतंय तोच दुसऱ्याची बादली पुढे. साहजिकच वाटणी सारखी होत नाही आणि इंजिन जास्त आरपीएमला दमतं. पंचवीस-तीस वर्षं हजारो लोकांनी हे इंजिन खोललं होतं आणि हा दोष सगळ्यांना माहीत होता. नवा ब्लॉक ओतणं नियमात बसत नव्हतं. चॅपमनने ब्लॉक उतरवला, भोकांमध्ये मधोमध पातळ पडदी बसवली आणि मॅनिफोल्डही तसाच दुभागला. एका नळाचे दोन नळ! आता चारही सिलिंडरना स्वतःची वाट मिळाली. त्या मोसमात ही गाडी इतकी पुढे पळायची की क्लबने पुढे नियमच बदलला आणि अशा पडद्यांवर बंदी आली.

चॅपमन इथे पुरता दिसतो. नियम वाचायचा तो काय लिहिलंय यासाठी नव्हे, काय लिहायचं राहिलंय यासाठी.

१ जानेवारी १९५२ ला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली, वडिलांच्या हॉटेलमागच्या घोड्यांच्या तबेल्यात. भांडवलाला हेझलकडून उसने पैसे. चॅपमन स्वतः अजून दिवसा ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी करत होता आणि रात्री तबेल्यात राबत होता. तिथे बनलेल्या लोटस सिक्सची नळ्यांची चॅसिस साधारण २५ किलोची होती. आपल्या बाहा टीमवाल्यांनी आपल्या फ्रेमचं वजन आठवावं आणि गप्प बसावं.

सिक्स आणि त्यानंतर १९५७ मध्ये आलेली सेव्हन या गाड्या मुख्यतः सुट्या भागांत विकल्या गेल्या. कारण टॅक्स. इंग्लंडमध्ये तयार गाडीवर भरमसाट पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी की गिऱ्हाइकाने गाडी स्वतः जोडायची, पैसे देऊन मेकॅनिककडून जोडून घ्यायची नाही. असं सांगतात की सोबत जोडणीच्या सूचना द्यायलाही बंदी होती, तेव्हा गाडी सुटी कशी करायची याचं पुस्तक दिलं गेलं. गिऱ्हाइकाने ते शेवटच्या पानापासून वाचायचं! खरं-खोटं काही असो, किस्सा चॅपमनला शोभतो.

तर अशा हजारो खोक्यांमुळे कारकून, मास्तर, कॉलेजची पोरं घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन बसवायला लागली. काम ऐकायला सोपं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स आधी जमिनीवरच जोडून घ्यायचे. क्लच प्लेट मधोमध आली नसेल तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. मग कितीही ढकला, बोल्ट आवळून ओढायचा मोह झालाच तर प्लेट वाकते. जोडलेला सगळा ऐवज चेन-कप्पीला टांगायचा, गिअरबॉक्सची शेपटी खाली तिरकी करायची आणि पुढून आत घालत घालत मधल्या बोगद्यात सरकवायची. एकाने साखळी सोडायची, दुसऱ्याने इंजिन हाताने वळवायचं, बोटं मध्ये येऊ द्यायची नाहीत. माउंटिंगचे बोल्ट आधी सगळे सैल लावून मगच आवळायचे, कारण पहिला घट्ट केला की चौथा भोकात जात नाही. काढताना हेच उलट: बॅटरीची वायर, पाणी, रेडिएटर, पेट्रोलची नळी, एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट, मग माउंटिंग. यातली एक वायर काढायची राहतेच आणि इंजिन वर उचलल्यावर ती दिसते.

या सगळ्या प्रकारात इंजिन म्हणजे गाडीत टांगलेलं ओझं असतं. फ्रेमने ते वाहायचं, रबराच्या माउंटिंगने त्याचा थरकाप गिळायचा. स्ट्रक्चरलवाला चॅपमन या ओझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचा. इतका दणकट धातूचा ठोकळा नुसता फुकट बसून प्रवास करतो, हे त्याला बघवत नसावं. गाडीतल्या प्रत्येक भागाने जमल्यास दोन कामं करावीत, असा त्याचा खाक्या होता. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांची फ्रेम काढून पत्र्याची पेटीच चॅसिस केली, आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास इतर टीम्सना नळ्यांची फ्रेम असलेली लोटस २४ विकली. गिऱ्हाइकं चिडली, आणि चिडायलाच हवी होती. जिम क्लार्कने १९६३ ची चॅम्पियनशिप या २५ वर जिंकली.

मग १९६७. फॉर्म्युला वनमध्ये तीन लिटरचा नियम आला होता आणि लोटसला धड इंजिन नव्हतं. चॅपमनने फोर्डला गळ घातली. एक लाख पौंड मंजूर झाले. इंजिन बनवलं कॉसवर्थच्या कीथ डकवर्थने, जो आधी लोटसमध्येच नोकरीला होता. हे डीएफव्ही: व्ही-आठ, २९९३ सीसी, सिलिंडरला चार व्हॉल्व, चारशे हॉर्सपॉवरच्या आसपास. ते बसवायला लोटस ४९ मध्ये मागची फ्रेमच ठेवली नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्र्याची पेटी संपते, तिथे चार बोल्टने इंजिन लावायचं, आणि मागचं सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळं इंजिनालाच टांगायचं. इंजिन काढलं तर गाडीचे दोन तुकडे! ही कल्पना याआधीही वापरली गेली होती. खुद्द लोटस ४३ मध्ये बीआरएमचं अवजड इंजिन असंच बसवलं होतं. पण डीएफव्ही सुरुवातीपासून याच कामासाठी आखलं होतं. तापल्यावर इंजिन फुगतं, मग पेटीशी घट्ट बांधलेले बोल्ट काय करतील? म्हणून वरची जोडणी पातळ पोलादी पट्ट्यांतून केली, त्या तेवढ्यापुरत्या लवतात. ४ जून १९६७ ला झांडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकला. पुढे डीएफव्हीने एकूण १५५ ग्रां प्री जिंकल्या आणि ही मांडणी सगळ्यांनी उचलली.

आता दुसरी बाजू. आपल्याला डिझाइनच्या पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात. चॅपमन तो कापत कापत जायचा. जिथे मोडलं तिथे जाड करायचं, तोवर बारीक करत राहायचं, अशी त्याची ख्याती झाली. १९६० मध्ये स्पाला सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि त्याची हाडं मोडली. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं, त्याचं रेसिंग संपलं आणि त्याने लोटसला कोर्टात खेचलं. ७ एप्रिल १९६८ ला हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला, तो चॅपमनचा जिवलग मित्र होता. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघांच्या गाड्यांचे उंच विंग मोडले, दोघे थोडक्यात वाचले. गाड्या फार नाजूक आहेत असं रिंट उघडपणे म्हणू लागला. तरी तो थांबला, कारण जिंकायचं तर गाडी लोटसच हवी होती. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझाच्या सरावात त्याच्या लोटस ७२ च्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी कठड्यात घुसली. रिंट वारला आणि त्या वर्षीची चॅम्पियनशिप मरणोत्तर त्यालाच मिळाली. कठडा नीट बसवलेला नव्हता, पट्टा पूर्ण बांधलेला नव्हता, हेही खरं. पण तुटला तो शाफ्टच ना? चॅपमनची बाजू घेणारे त्या काळी सगळेच ड्रायव्हर मरत होते असं म्हणतात. मला हे पटत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्याही मोडायच्या, पण मोडण्याच्या इतक्या जवळ मुद्दाम जाण्याचा हट्ट त्याच्याइतका कुणाचा नव्हता. आणि त्याच हट्टातून २५, ४९, ७२ आणि खालची हवा खेचून रस्त्याला चिकटणारी ७९ आली. एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

टीम लोटसने त्याच्या हयातीत सात कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकल्या. शेवटची १९७८ ची, मारिओ आंद्रेत्तीच्या वेळची. त्याच वर्षी मोंझाच्या अपघातानंतर रॉनी पीटरसन गेला. आणि त्याच वर्षी डीलोरियन प्रकरण सुरू झालं. जॉन डीलोरियनच्या गाडीचं इंजिनिअरिंग लोटसने करायचं होतं, ब्रिटिश सरकारचा पैसा ओतला जात होता, आणि त्यातले सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदवलेल्या एका कंपनीतून गायब झाले. चौकशी जवळ येत असताना १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अॅटॅकने चॅपमन वारला. वय फक्त ५४. त्याचा हिशेबनीस फ्रेड बुशेल १९९२ मध्ये तीन वर्षं तुरुंगात गेला. चॅपमन हयात असता तर त्याला निदान दहा वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा बोलून दाखवलं. नियमातली फट शोधणाऱ्या माणसाला पैशाच्या व्यवहारातही फटच दिसली असावी.

सेव्हनचे हक्क १९७३ मध्येच केटरहॅम कार्सने घेतले होते आणि ती गाडी सुट्या भागांत विकली जात राहिली. हेझल २०२१ पर्यंत जगली. गॅरेजमधली पहिली लोटस मात्र चॅपमनने १९५० मध्ये जाहिरात देऊन विकून टाकली होती. ती उत्तर इंग्लंडकडे गेली आणि तिथून पुढे तिचा पत्ता लागला नाही. सत्तर वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये चॅपमन कुटुंबाने तिचा शोध जाहीर केला आणि लोकांना आपापल्या शेड आणि गॅरेज तपासायला सांगितलं. ओळख म्हणून दिलेला तिचा नंबर होता ओएक्स ९२९२.