होंडांनी अखेर पाणी स्वीकारले

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधील हमामात्सूजवळच्या खेड्यात झाला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करत. पंधराव्या वर्षी सोइचिरो टोकियोतील एका मोटार गॅरेजमध्ये उमेदवारीला लागले. महायुद्ध संपल्यावर सैन्याकडची जुनी छोटी इंजिने सायकलींना बसवून त्यांनी धंदा मांडला. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली.

इंधन जळते तेव्हा त्यातील ऊर्जेचा मोठा भाग उष्णता बनून वाया जातो. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरमध्येच अडकतो. ती काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सिलिंडरवर धातूच्या पातळ पट्ट्या ठेवून त्यांवरून वारा जाऊ देणे. दुसरा, सिलिंडरभोवती पाणी खेळवून ते रेडिएटरमध्ये थंड करणे. होंडांचा युक्तिवाद सोपा होता: पाण्यालाही शेवटी हवाच थंड करते, मग मध्ये पाणी हवेच कशाला? हलक्या दुचाकींसाठी ते खरेच होते. पंप नाही, गळती नाही, वजन कमी. १९५८ ची सुपर कब आणि १९६९ ची चार सिलिंडरची सीबी ७५० या दोन्ही गाड्या वाऱ्यावरच थंड होत.

हाच नियम त्यांनी मोटारींनाही लावला. १९६८ मध्ये हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शर्यतीची मोटार तयार झाली. कसलेले चालक जॉन सर्टीज यांनी ती असुरक्षित ठरवून चालवण्यास नकार दिला. ७ जुलैला फ्रान्समधील रुआँ येथे जो श्लेसर ती घेऊन उतरले. ओल्या रस्त्यावर मोटार घसरली, पेटली आणि श्लेसर यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षाअखेरीस कंपनीने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली.

तरीही होंडा मागे हटले नाहीत. १९६९ ची होंडा १३०० ही मोटारही हवेवरचीच होती. इंजिन जड आणि गुंतागुंतीचे झाले, विक्री मात्र बेताचीच राहिली. तेवढ्यात १९७० मध्ये अमेरिकेने धुराविषयी कडक कायदा केला. धूर कमी करायचा तर इंजिनाचे तापमान स्थिर हवे, आणि वाऱ्यावर ते वेगानुसार, हवामानानुसार बदलते. तरुण अभियंत्यांनी ही अडचण होंडांचे भागीदार ताकेओ फुजिसावा यांच्याकडे नेली. तुम्ही कंपनीचे अध्यक्ष की अभियंता, असा प्रश्न फुजिसावांनी होंडांना केला. होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याला परवानगी दिली. १९७२ मध्ये कमी धूर सोडणारे सीव्हीसीसी इंजिन जाहीर झाले. पुढच्याच वर्षी होंडा आणि फुजिसावा दोघेही निवृत्त झाले.

१९७५ मध्ये लांबच्या प्रवासासाठी गोल्ड विंग ही ९९९ सीसीची मोटारसायकल बाजारात आली, तीही पाण्यावर थंड होणारी. मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामान आणि समोर चढाचा घाट असला, की इंजिनावर भार सर्वाधिक आणि वेग सर्वांत कमी असतो. नेमकी तेव्हाच वाऱ्याची मदत घटते. पाणी मात्र तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा सुमारे चौपट उष्णता सामावून घेते, पंप ते फिरवत ठेवतो आणि गाडी थांबली तरी पंखा रेडिएटरवर हवा सोडतो.

५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडांचे निधन झाले. रोजच्या वापराच्या छोट्या दुचाकींमध्ये आजही वारा पुरतो. त्याबाबत त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता.