शिशाचा माग काढणारी डॉक्टर

पोटदुखी, रक्तक्षय, हातातली ताकद गेलेली, अशा तक्रारी घेऊन रुग्ण ओपीडीत येतो. गर्दीत आम्ही औषध लिहून देतो, पण ‘काम काय करता?’ हे विचारायचे राहून जाते. हा प्रश्न वैद्यकशास्त्रात रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचे नाव आघाडीवर आहे.

१८६९ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या हॅमिल्टन १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. पुढे शिकागोच्या ‘हल हाउस’ या सेवासंस्थेत राहताना त्यांनी कामगारांचे जगणे जवळून पाहिले. १९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यावसायिक आजारांची पाहणी त्यांच्याकडे सोपवली. कामगार हात न धुता जेवतात म्हणून त्यांना शिसे बाधते, असा तेव्हा समज होता. हॅमिल्टन यांनी रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, कामगारांची घरे गाठली आणि खरा दोष कारखान्यातल्या धुळीचा व वाफांचा आहे, हे दाखवून दिले. १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या.

खरी कसोटी पुढे होती. इंजिनातली खडखड थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले जाऊ लागले. जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल यांनी ते ‘एथिल’ या नावाने विकायला काढले. नावातून शिसे गायब! १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. जनतेला अपाय होतो याचा पुरावा द्या, असा कंपन्यांचा पवित्रा होता. कारखान्यात खबरदारी घेता येईल, पण देशभरच्या रस्त्यांवर ती कशी घेणार, असा हॅमिल्टन यांचा सवाल होता. शिशाला पर्याय शोधा, असा त्यांचा आग्रह होता.

सरकारी समितीने काही महिन्यांच्या अभ्यासावर १९२६ मध्ये बंदीला पुरेसे कारण नसल्याचे सांगितले. पुढेही संशोधन चालू ठेवण्याची तिची शिफारस होती. पण त्यानंतरची कित्येक दशके या विषयावरचे बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशावर चालले. दरम्यान, मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवणारे शिसे जगभर धुरावाटे पसरत राहिले.

हॅमिल्टन १९७० मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी गेल्या. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

हा सगळा उशीर ज्ञानाअभावी झाला नाही. अपाय सिद्ध करण्याचे ओझे जनतेवर टाकले गेले, म्हणून झाला. नवा पदार्थ बाजारात आणणाऱ्यानेच तो सुरक्षित असल्याचे दाखवावे आणि ते तपासणाऱ्याचा पगार त्या कंपनीकडून येऊ नये, हा त्यातला धडा.

आणि हो, बॅटरी, रंग किंवा धातू वितळवण्याचे काम करत असाल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तसे सांगा.